रिकामे बार मोजणारा माणूस

*ताई,*

*मी एका हौशी ब्रास बँडमध्ये 22 वर्षं सेकंड ट्रॉम्बोन वाजवतोय, म्हणजे सरकत्या नळीच्या या पितळी वाद्याची मधली ओळ; वरची फर्स्टची, खालची थर्डची. ऑर्केस्ट्राला माणसं कमी पडली की आम्ही दोघं तिकडेही जायचो. आम्ही दोघं म्हणजे मी आणि आमचा फर्स्ट ट्रॉम्बोन. तो तीन आठवड्यांपूर्वी गेला. पुढच्या महिन्यात बँडने त्याच्या आठवणीचा कार्यक्रम ठेवलाय. मी बोलायचं आणि वाजवायचंही, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. लिहायला बसलो की 'थोर कलावंत', 'हरहुन्नरी', 'कधीही भरून न येणारी पोकळी' असलंच काहीतरी कागदावर उतरतं आणि मी तो कागद फाडून टाकतो. खरं सांगायचं तर तो थोर नव्हता. चांगला होता. गप्प राहून पुन्हा वाजवायची जागा, मोठी एन्ट्री, दोन बारांवर म्हणजे तालाच्या दोन आवर्तनांवर आली की डावा बूट जमिनीवर जरा पुढे सरकवायचा, तेवढं मला पुरायचं.*

*दुसरी गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. गेल्या वर्षी त्याला वरचे सूर लागेनासे झाले. दोन कार्यक्रम बिघडले. मी कंडक्टरांना जाऊन सांगितलं, त्याच्या माघारी. त्यांनी मला फर्स्टला बसवलं, त्याला थर्डला, मधे एक नवा मुलगा. कोण बोललं, हे त्याने कधी विचारलं नाही. थर्डला बसूनही बूट सरकवतच राहिला.*

*वहिनींनी त्याचा ट्रॉम्बोन माझ्याकडे पाठवलाय. पेटी कपाटावर ठेवलीय. उघडलेली नाही.*

*— सेकंड ट्रॉम्बोन*

तुमची सही मी आधी वाचली. फर्स्टच्या खुर्चीत बसून वर्ष होत आलं, तरी पत्राखाली 'सेकंड ट्रॉम्बोन' असंच लिहिलंत. राहू द्या तसंच. कार्यक्रमात बोलायचं ते त्याच खुर्चीतून बोलायचंय.

आणि भाषण लिहिता येत नाही म्हणता, पण ते तुम्ही मला पाठवलंय की! 'डावा बूट जमिनीवर जरा पुढे सरकवायचा.' हे वाक्य तुम्ही जाता जाता टाकलंत आणि पुढच्या काळजीकडे वळलात. मी मात्र तिथेच थांबले. कारण मी 17 वर्षं हॉर्न, म्हणजे गोल वळवलेल्या नळीचं पितळी वाद्य, वाजवलंय आणि त्यातली बरीच वर्षं ट्रॉम्बोनवाल्यांच्या पुढच्याच रांगेत बसलेय. तो बूट म्हणजे काय, हे मला समजतं. सभागृहातल्या बहुतेकांना समजणार नाही. ते त्यांना समजावून सांगणं हेच तुमचं भाषण.

ट्रॉम्बोनवाल्याचं निम्मं आयुष्य न वाजवण्यात जातं, हे लोकांना माहीतच नसतं. बीथोवनची पाचवी सिंफनी 1808 साली पहिल्यांदा वाजली. तिच्यात तीन ट्रॉम्बोन आहेत. पहिले तीन भाग ते तिघं वाद्य घेऊन नुसते बसतात, वीसेक मिनिटं. मग चौथा भाग सुरू होतो आणि त्याच क्षणी, थंड ओठांनी, थंड वाद्यावर, पूर्ण जोरात सुरू व्हायचं. तिथे कुणी एक बार आधी घुसला तर झाकायला काही नसतं. व्हायोलिनवाला चुकला तर शेजारच्या 10 जणांत लपतो. ट्रॉम्बोनवाल्याची चूक शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळते.

म्हणून मोजायचं. तुमच्या पानावर जाड आडवी रेघ असते आणि तिच्यावर नुसता आकडा, समजा 84. म्हणजे 84 बार गप्प बसा. मनात चाललेलं असतं: एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार, तीन-दोन-तीन-चार. सत्तावन्नाच्या आसपास कुणीतरी शिंकतं, किंवा ओबो (सनईच्या जातीचं वाद्य) फारच सुंदर वाजतो, आणि आकडा हातातून निसटतो. त्या वेळी माणूस शेजाऱ्याकडे बघतो. शेजाऱ्याची बोटं गुडघ्यावर हलत असतात. किंवा तो बूट सरकवतो. 22 वर्षांत तुमची किती मोजणी त्याच्या बुटावर तरली असेल, त्याचा हिशेब तुम्हीच करा. तुमची दोस्ती वाजवताना झाली असेल तितकीच, किंबहुना जास्त, त्या गप्प बारांमध्ये झालीय.

हे सांगा. थोर कलावंत वगैरे बाजूला ठेवा. ते शब्द खोटे आहेत असं नाही. पण ते कुणालाही बसतात, आणि कुणालाही बसणारा कोट घालून तुमचा माणूस लोकांसमोर उभा केलात तर तो ओळखूच येणार नाही. वहिनींना तरी ओळखू यायला हवा.

खरोखर थोर असलेल्यांचंही असंच आहे. डेनिस ब्रेन हा इंग्लंडचा हॉर्नवादक. विसाव्या शतकातल्या अगदी पहिल्या दोन-चार हॉर्नवाल्यांत त्याचं नाव येतं. 1 सप्टेंबर 1957 रोजी एडिंबराहून रात्रीतून गाडी चालवत लंडनला परतताना अपघातात गेला. वय 36. त्याला मोटारींचं वेड होतं. रेकॉर्डिंगच्या वेळी मोत्झार्ट तोंडपाठ असायचा, म्हणून म्युझिक स्टँडवर मोटारींचं मासिक उघडून ठेवायचा, असं सांगतात. त्याच्या थोरवीबद्दल मी कितीतरी पानं वाचली असतील. त्यातलं फारसं आठवत नाही. ते मासिक आठवतं.

त्याच वर्षी पुलेंक या फ्रेंच संगीतकाराने ब्रेनच्या स्मरणार्थ हॉर्न आणि पियानोसाठी एक एलेजी लिहिली. शोकगीत म्हटल्यावर तुम्ही डोळे मिटून ऐकायच्या तयारीत बसता. सुरुवात होते ती बारा स्वरांच्या एका विचित्र, कोरड्या मालिकेने, आणि मधेच असे फटकारे येतात की दचकायला होतं. मला ती म्हणूनच आवडते. माणूस अचानक गेला तर राग येतोच. तुम्हालाही येत असेल. पत्रात लिहिला नाहीत, पण कागद फाडणारा माणूस नुसताच दुःखी नसतो.

आणखी एक सांगते, कारण ते तुमच्या खुर्चीच्या जवळचं आहे. क्लिफर्ड ब्राउन हा जॅझमधला ट्रम्पेटवाला. जून 1956 मध्ये, वयाच्या पंचविशीत, तोही गाडीच्या अपघातातच गेला. बेनी गोल्सन हा सॅक्सोफोनवाला त्याच्याबरोबर एका बँडमध्ये वाजवलेला. त्याने क्लिफर्डच्या आठवणीत एक धून बांधली. क्लिफर्ड जशी ओळ घेईल, जिथे वळेल, तशीच ती असावी म्हणून एकेक सूर पारखून घेतला. पुढे ती धून असंख्य ट्रम्पेटवाल्यांनी वाजवली आणि अजून वाजवतात. गोल्सनला हे जमलं, कारण क्लिफर्ड ओळ कशी घ्यायचा हे त्याने शेजारी उभं राहून ऐकलं होतं. प्रेक्षकात बसून ते इतकं ऐकू येत नाही.

तर लिहिताना असं करा. त्याचे जुने पार्ट मागवून घ्या, म्हणजे त्याच्या स्टँडवर असायची ती पानं. बँडच्या कपाटात पडलेली असतील. त्यांवर त्याच्या पेन्सिलीच्या खुणा असतील. कुठे दम घ्यायचा तिथे स्वल्पविराम. कंडक्टरकडे बघायचं तिथे काढलेला छोटा चष्मा. हा चष्मा जगभरातले वादक काढतात, पण प्रत्येकाचा वेगळा असतो, कुणाचा गोल, कुणाचा चौकोनी, कुणी खाली मिशाही काढतो. कुठे तीनदा गिरवलेला फ्लॅट, सूर उतरवायची खूण, म्हणजे तिथे तीनदा चुकला होता. खोडलेली स्लाइडची, त्या सरकत्या नळीची, पोझिशन आणि शेजारी दुसरा आकडा. एक पान घेऊन स्टेजवर जा आणि त्यातलं काय दिसतं ते सांगा. भाषण पाच मिनिटांच्या वर नेऊ नका. जन्म कुठला, शिक्षण काय, नोकरी कुठे, हे दुसऱ्या कुणालातरी सांगू द्या. तसा एक माणूस प्रत्येक कार्यक्रमाला असतोच आणि त्याला ते आवडतंही.

विनोद चालेल का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. चालेल, तो हसला असता असा असेल तर. आदल्या दिवशी वहिनींना फोन करून तेवढा प्रसंग ऐकवा. त्या हसल्या तर ठेवा. गप्प झाल्या तर काढून टाका, का ते विचारू नका.

आता वाजवण्याचं. इथे मी जरा कडक बोलणार आहे, कारण या बाबतीत मी स्वतः तोंडघशी पडलेय. आमच्या सेक्शनमधली माझी मैत्रीण गेली तेव्हा मी एकटीने वाजवायचं ठरवलं. तिला आवडायची ती संथ, हळू, वरच्या पट्टीतली ओळ. त्याआधी चार भाषणं झाली. मी 40 मिनिटं वाद्य मांडीवर घेऊन बसले होते. उठले, दम घेतला, आणि पहिला सूर आलाच नाही. नुसती हवा. दुसरा आला तो फुटका. पुढचं कसं झालं ते मला आठवत नाही आणि कुणी मला सांगितलंही नाही, यातच काय ते समजा.

त्यात मी तीन चुका केल्या होत्या. पहिली निवडीची. पितळी वाद्यावर हळू, वर आणि संथ हे तिन्ही एकत्र म्हणजे सगळ्यांत अवघड काम. इथे सूर ओठांच्या कंपनातून जन्मतो, आणि हळू फुंकताना ओठ थरथरायला लागतात तेवढी हवाही कधीकधी पोचत नाही. त्यात घसा भरून आलेला. रडू दाबताना घशात गोळा येतो ना, तो उगाच नसतो. भावना दाटल्या की स्वरयंत्राचं दार जास्त हवेसाठी सताड उघडू पाहतं आणि गिळायला गेलो की तेच दार मिटावं लागतं, त्या ओढाताणीचा तो गोळा. अशा घशाने बारीक सूर काढायला जाऊ नका. मधल्या पट्टीतलं, मोकळ्या आवाजातलं, छोट्या ओळींचं काहीतरी घ्या. मोठ्याने वाजवलं की रडू आपोआप मागे सरतं, कारण दम खालून घ्यावाच लागतो.

दुसरी चूक थंड वाद्याची. नळीतली हवा थंड असली की सूर उतरतो, आणि तुमचे ओठही तोवर लाकूड झालेले असतात. म्हणून आयोजकांना आधीच सांगून ठेवा: वाजवणं आधी, बोलणं नंतर. ते ऐकत नसतील तर तुमच्या आधीचं भाषण सुरू झालं की सरळ उठून मागे जा, न वाजवता वाद्यातून गरम श्वास सोडत राहा, माउथपीस, म्हणजे ओठ टेकायचं टोक, मुठीत धरा. वाईट दिसेल म्हणून बसून राहू नका. त्याने तुम्हाला बसू दिलं असतं का?

तिसरी चूक, एकटीने वाजवणं. तुम्ही ट्रॉम्बोनवाले आहात, तुमच्यासाठी चौघांनी वाजवायचं म्हणून लिहून ठेवलेलं आहे. बीथोवनने 1812 साली लिंझ शहरात, मृतांच्या स्मरणाच्या दिवसासाठी, चार ट्रॉम्बोनची तीन छोटी 'इक्वाले' लिहिली. 1827 मध्ये खुद्द त्याच्याच अंत्ययात्रेत त्यांतली दोन ऐकू आली, ट्रॉम्बोनवरही आणि पुरुषांच्या आवाजातही. तिन्ही मिळून जेमतेम पाच-सहा मिनिटांचं काम. सगळे एकाच वजनाने चालतात, कुणाचा सोलो नाही. एखादं निवडा. त्यातला वरून दुसरा आवाज तुम्ही घ्या. फर्स्टची ओळ दुसऱ्या कुणाला द्या, हवं तर बाहेरून माणूस बोलवा. तुमचा कान 22 वर्षं वरच्या आवाजाला खालून टेकू द्यायला तयार झालाय, त्या संध्याकाळी तोच वापरा. आणि मधल्या मुलाला शेजारी बसवून तुमचीच ओळ त्याच्याही स्टँडवर ठेवा. तुम्ही थांबलात तर त्याने काही न बोलता उचलायची, हे आधी ठरवून घ्या. बहुतेक वेळा असं ठरवलं की थांबायची वेळच येत नाही.

घरी सराव करताना रडू आलं तर थांबवू नका. उलट ज्या बाराला येतं तिथेच परत परत जा. दहाव्या वेळी तो नुसता एक बार होतो. पूर्ण होत नाही, पण पुरेसा होतो.

बँडमधलं कुणीतरी नक्की म्हणेल, न्यू ऑर्लिन्सच्या अंत्ययात्रेसारखं करू या, जाताना संथ आणि येताना नाचरं. तिथे ते जमतं, कारण रस्त्यावरच्या प्रत्येकाला वळण कुठे घ्यायचं ते माहीत असतं. खुर्च्यांवर बसलेल्या, चपला नीट जुळवून ठेवलेल्या लोकांसमोर अचानक नाचरं सुरू केलं की सगळे एकमेकांकडे बघतात. माझं मत विचाराल तर नको.

आणि सूर फुटला तर? 25 नोव्हेंबर 1963 ला अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या दफनाच्या वेळी आर्लिंग्टनच्या दफनभूमीत सार्जंट कीथ क्लार्क यांनी बिगुलवर 'टॅप्स' ही सैनिकी निरोपाची धून वाजवली. एकूण 24 सूर. बिगुलला व्हॉल्व्ह, म्हणजे सूर बदलायच्या कळा, नसतात, स्लाइड नसते, सगळं ओठांवर. सैन्याच्या बँडमधला तयारीचा माणूस, थंडीत कितीतरी वेळ ताटकळत उभा. सहावा सूर फुटला. साऱ्या जगाने ऐकला. कित्येकांना वाटलं, मुद्दाम हुंदक्यासारखा वाजवला. क्लार्कना तसं वाटलं नसणार; आपल्यापैकी कुणालाच वाटलं नसतं. पण ऐकणाऱ्यांनी तो सूर माफ केला असंही म्हणता येत नाही, त्यांना तो चूक वाटलाच नाही. तुमचा फुटला तर पुढचा वाजवा. मागे वळून तोच परत घेऊ नका, एवढंच.

आता ते, जे तुम्ही कुणाला सांगितलेलं नाही.

तुम्ही दोन गोष्टी एकात एक गुंतवून ठेवल्या आहेत, त्या सोडवते. त्याला वरचे सूर लागत नव्हते हे खरं होतं. कुणीतरी बोलायला हवं होतं हेही खरं. ओठांभोवतीचा गोल स्नायू वयानुसार थकतो. दाताची जागा केसभर हलली तरी माउथपीस टेकायची जागा बदलते आणि 30 वर्षांची बैठक मोडते. दम कमी पडतो. यात त्याचाही दोष नाही. तेव्हा सांगितलंत यात मला गैर काही दिसत नाही. माघारी सांगितलंत, ते चुकलं. एवढंच चुकलं, पण तेवढं चुकलं. मी ते खोडणार नाही, तुम्हीही खोडू नका. 'मी सगळ्यांच्या भल्यासाठीच' वगैरे म्हणायला लागलात की आत काहीतरी कुजत राहतं.

वरचा सूर निसटायला लागला की ते सगळ्यांत आधी वाजवणाऱ्याला कळतं. श्रोत्यांना कळायच्या कितीतरी महिने आधी. घरी, दार लावून, एकट्याला. म्हणजे तुम्ही कंडक्टरांकडे गेलात तेव्हा त्याला बातमी नवी नव्हती. कोण बोललं हे त्याला ठाऊक होतं का, यावर रात्र जागवू नका. ते उत्तर त्याच्याबरोबर गेलं. तो परत आला आणि थर्डच्या खुर्चीत बसला, हे मात्र तुमच्यासमोर घडलंय. फर्स्टवरून थर्डला बसायला सांगितल्यावर रागाने निघून गेलेले, पुढे वाद्यच विकून टाकलेले लोक मी बघितलेत. हा आला, बसला, आणि मोजायला लागला.

कुणासाठी? तुम्ही आता दोन खुर्च्या पलीकडे होतात. तुम्हाला तो बूट दिसत होता, पण तुमच्यासाठी सरकवायचं कारण उरलं नव्हतं. फर्स्टवाला स्वतः मोजतो. मधे नवा मुलगा होता. त्या मुलाला विचारा एकदा. फोनवर नको, तालमीनंतर स्टँड आवरताना. 'तुला त्यांचा बूट माहीत आहे का?' एवढंच विचारा आणि तो काय सांगतो ते ऐका. मला वाटतं तुम्हाला भाषणाचा दुसरा अर्धा तिथे मिळेल.

कबुली स्टेजवर देऊ नका. त्या संध्याकाळी लोक त्याच्यासाठी येणार आहेत, तुमचं ओझं उतरवायला नव्हे. वहिनींनाही आत्ता नको. घरात माणूस नाही, त्यात तुमची माफी कुठे ठेवायची हा प्रश्न त्यांच्यावर टाकू नका. वर्षाने त्यांनी स्वतःहून त्या शेवटच्या वर्षाचा विषय काढला आणि थेट विचारलं, तर खोटं बोलू नका. कंडक्टरांशी मात्र बोलू शकता, त्यांना सगळं माहीतच आहे. आणि तुमचे स्वतःचे ओठ कधीतरी थकणारच, तेव्हा कुणी तोंडावर सांगावं असं तुम्हाला वाटतं, ते नाव आत्ताच ठरवून त्या माणसाला सांगून ठेवा. 'मला आधी सांग, मग बाकीच्यांना.' तो मुलगा असेल तरी चालेल, मोठा होईल तोवर.

थर्डच्या खुर्चीबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण ती पुढच्या तालमीला तिथे असणारच. एक तालीम रिकामी ठेवा, कुणी न सांगता. त्यावर फूल नको, फोटो नको. तालमीला सगळ्यांना त्या खुर्चीशेजारून कोट आणि पेट्या घेऊन जायचं असतं आणि देवघरासारखं काही मांडलं की लोक अवघडून वाट वाकडी करतात. त्यानंतर माणूस बसवा. तीन ट्रॉम्बोनच्या कॉर्डमधला, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांतला, खालचा सूर नसला की वरच्या दोघांना उभं राहायला जमीन नसते, आणि हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळलं नसतं.

राहिली पेटी.

तुम्ही ती उघडत नाही कारण उघडली की वास येईल. तेल, पितळ, जुनं फडकं, आणि थोडा तो. हो, येईल. एकदाच तसा येईल, दुसऱ्यांदा कमी. पण तीन आठवडे बंद पडलेल्या ट्रॉम्बोनला तुमच्या मनाची तयारी कळत नाही. शेवटच्या वेळी वाजवून झाल्यावर स्लाइडमध्ये पाणी राहिलं असेल. लोक त्याला थुंकी म्हणतात, पण ती बहुतांशी श्वासातली वाफ असते, थंड नळीत पाणी झालेली. ते आत राहिलं की स्लाइड चिकटते, माउथपीस अडकतो, आणि फार दिवस गेले तर पितळेवर गुलाबी ठिपके पडायला लागतात. पितळातलं जस्त निघून जातं आणि तांबं मागे उरतं, त्याची ती खूण. ती परत जात नाही.

तर उघडा. माउथपीस आधी बघा. त्याच्या कडेवरची चांदी एका बाजूला जास्त झिजलेली असेल, कुणाचीच अगदी मधे झिजत नाही. कोमट पाण्यात साबण घालून धुवा, पण घासूनपुसून नवा करू नका. डाव्या हाताची पकड असते तिथे लॅकर, म्हणजे वरचा चकचकीत लेप, उडून उघडं पितळ दिसत असेल, बोटांच्या आकारात. तिथे पॉलिश लावू नका. तो त्याचा हात आहे.

कार्यक्रमाला त्याच्याच ट्रॉम्बोनवर वाजवा, असा आग्रह कुणीतरी करेल. परक्या वाद्यावर महिन्याभरात तुमचा हात बसणार नाही. सूर कुठे उतरतो, स्लाइड कितीवर खरी लागते, हे प्रत्येक ट्रॉम्बोनचं वेगळं असतं. स्वतःचं वाजवा. त्याचं स्टँडवर नुसतं ठेवलंत तरी पुरे. पुढे ते कुणाकडे जावं हे आत्ता ठरवू नका, जरी मला एक नाव सुचतंय आणि तुम्हालाही सुचलं असेल.

माउथपीस अडकला असेल तर पकड लावू नका. नळी पिळली जाते. वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडे तो काढायचं छोटं अवजार असतं, एका मिनिटाचं काम. स्लाइड कोरडी असेल, पहिल्यांदा अडेल. ओढू नका. दोन थेंब पाणी, जरा क्रीम, आणि तिला तिच्या चालीने येऊ द्या.